समुद्रापलीकडचे गोत

१८३२ च्या जानेवारीत ‘बीगल’ जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्द बेटांपाशी पोहोचले, तेव्हा तिथली हवा धुळीने धुरकटलेली होती. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारे जाळीदार फडके बांधलेले होते आणि त्याच्या विणीत बारीक तपकिरी धूळ गाळून घेतल्यासारखी साठली होती. तरुण चार्ल्स डार्विनने ती पुडीत बांधून ठेवली. पुढे ती आणि तशाच आणखी काही पुड्या बर्लिनच्या एरेनबर्ग या सूक्ष्मजीवतज्ज्ञाकडे गेल्या. एरेनबर्गला त्या धुळीत सूक्ष्म जीवांचे ६७ प्रकार आढळले. डार्विनचे लक्ष मात्र धुळीतल्या दगडाच्या कणांनीही वेधले. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर वारा जर दगडाचे कण आणून टाकत असेल, तर त्यांच्याहून कितीतरी हलके असलेले अपुष्प वनस्पतींचे बीजाणू दूरदूर पसरले यात नवल नाही, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनाच्या १८४५ च्या आवृत्तीत नोंदवले.

या पुस्तकाचा विषय त्या नोंदीत बीजरूपाने आहे. महासागरी बेट म्हणजे कोणत्याही खंडाशी कधीच जोडलेले नसलेले, ज्वालामुखीने समुद्रतळातून वर आणलेले बेट. ते जन्मते तेव्हा त्यावर एक पानही नसते. आज तिथे जे हिरवे दिसते ते कधीतरी बाहेरून आले, किंवा बाहेरून आलेल्यांच्या वंशात तिथेच निपजले. मग अझोर्स बेटांच्या ओल्या खडकावरचे मॉस मूळचे कुठले? जवळच्या युरोपातले, की पलीकडच्या अमेरिकेतले? हवाईच्या डोंगरावर दलदलीत पसरलेले मॉस किती वेळा आले, आणि किती जणांनी मिळून तिथली वस्ती केली? एखाद्या बेटावर एकदा पोहोचलेले मॉस तिथेच राहते, की पुन्हा निघते? शेवटचा प्रश्न फार काळ कुणी विचारलाच नाही. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि हे पुस्तक प्रामुख्याने त्याच्याभोवती उभे आहे.

आधी मॉसविषयी थोडे. पावसाळ्यात जुन्या दगडी भिंतीवर, कौलांवर, आंब्याफणसाच्या खोडावर जो मखमली हिरवा थर चढतो त्याचा बराच भाग मॉसचा असतो. हौदातले निसरडे शैवाल वेगळे. मॉसला इवलासा देठ असतो आणि त्यावर बहुधा एकाच पेशीच्या जाडीची पाने असतात. खरी मुळे नसतात. पाणी ते बहुतांशी अंगानेच शोषून घेते आणि वाळले तरी कित्येक जातींमध्ये जीव टिकून राहतो. जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत. यकृतका आणि शृंगका हे त्यांचे दोन सख्खे गट. या तिघांनाही फुले नाहीत आणि बिया नाहीत. मॉसच्या बारीक दांड्याच्या टोकाला संपुटिका येते, ती पिकली की तिचे झाकण गळून पडते आणि आतली दातेरी कडा हवेच्या कोरडेपणाप्रमाणे उघडझाप करत बीजाणू बाहेर सोडते. स्फॅग्नम या दलदलीतल्या मॉसची तर संपुटिका वाळता वाळता फुटते आणि आतल्या हवेच्या दाबाने बीजाणूंचा लोट १० सेंटिमीटरहून उंच फेकला जातो. त्या लोटाभोवती भोवऱ्यासारखे कडे तयार होते आणि त्यामुळेच तो इतका वर जातो, हे २०१० मध्ये वेगवान चित्रणातून दिसून आले. एवढ्या उंचीवर गेले की वाऱ्याच्या प्रवाहात शिरता येते. मॉसच्या सर्वसाधारण बीजाणूचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतका असतो. सहारातून उडून अटलांटिक ओलांडणाऱ्या धुळीचे कण याच मापाचे असतात.

प्रवासाइतकीच पोहोचल्यानंतरची गोष्टही महत्त्वाची. मॉसचे आपल्याला दिसणारे हिरवे रोप एकगुणित असते, म्हणजे त्याच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि ते एकट्या बीजाणूपासून उगवते. ज्या जातीत नर आणि मादी अवयव एकाच रोपावर असतात, त्या जातीला नवी वस्ती वसवायला एक बीजाणू पुरतो. त्यातून उगवलेले रोप स्वफलनाने पुन्हा बीजाणू तयार करू शकते. ज्या जातीत नर वेगळा आणि मादी वेगळी, तिथे एकटा बीजाणू आला तर ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या एकलिंगीच राहते. तुकड्या-तुकड्यांनी पसरते, पण संपुटिका कधीच धरत नाही. बेटावरच्या मॉसचा इतिहास वाचताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

हे सारे प्रत्यक्ष घडताना पाहायला मिळाले ते आइसलँडच्या दक्षिणेला. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून वर येताना दिसलेल्या सुर्त्से बेटावर वैज्ञानिकांनी पहिल्यापासून लक्ष ठेवले. १९६५ मध्ये तिथे पहिले फुलझाड उगवले आणि १९६७ मध्ये, ज्वालामुखी थंडावण्याच्या सुमारास, पहिले मॉस नोंदले गेले. पहिल्या नोंदींत फ्युनारिया आणि रुपेरी ब्रायम होते. दोन्ही जगभर, अगदी आपल्या शहरांतल्या गच्चीच्या कोपऱ्यातही उगवणाऱ्या जाती. यात काही योगायोग नाही: जे सगळीकडे असतात तेच आधी पोहोचतात.

पण सगळेच मॉस सगळीकडे पोहोचते असेही नाही, नाहीतर हे पुस्तक लिहायचे कारणच उरले नसते. नेदरलँड्सचे व्हान झांटेन यांनी १९७० च्या दशकात न्यूझीलंडच्या मॉसचे बीजाणू वाळवून, गोठवून, पुन्हा रुजवून पाहिले. वरच्या हवेतली थंडी आणि कोरडेपणा सोसायची ताकद दूरवर पसरलेल्या जातींमध्ये जास्त आणि फक्त न्यूझीलंडात आढळणाऱ्या जातींमध्ये कमी, असा कल त्यांना दिसला. म्हणजे समुद्र सर्वांना सारखा रुंद नाही. तो कुणाला ओलांडता येतो, कुणाला नाही, हे बीजाणूच्या सोसण्याच्या ताकदीवर ठरते आणि दिशा वारा ठरवतो.

वाऱ्याबद्दलचा पुरावा उशिरा आला, पण नेमका आला. १८३९ ते १८४३ या काळात ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांवरून दक्षिण समुद्रात फिरलेल्या जोसेफ हुकरने केर्गेलनसारख्या ओसाड बेटांवरून मॉस गोळा केले. दूरदूरच्या बेटांवर सारख्याच वनस्पती पाहून त्याला वाटले, की हे सर्व तुकडे कधीतरी एका भूमीचे भाग असले पाहिजेत. डार्विनला ते पटत नव्हते. दोघे जिवलग मित्र आणि दोघेही या वादात वर्षानुवर्षे आपापल्या जागी ठाम. २००४ मध्ये हेसूस मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण गोलार्धातील बेटांवरच्या मॉस, यकृतका, दगडफूल आणि नेचे यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि त्यांच्याशेजारी समुद्रावरचे वारे मोजणाऱ्या उपग्रहाची आकडेवारी ठेवली. दोन ठिकाणच्या याद्या किती सारख्या आहेत हे त्यांच्यातल्या अंतरावरून जितके सांगता येत होते, त्यापेक्षा वाऱ्याची वाट त्यांना किती जोडते यावरून अधिक चांगले सांगता येत होते. नकाशावर शेजारी असलेली बेटे वनस्पतींच्या दृष्टीने परकी असू शकतात, आणि हजारो किलोमीटर दूरची बेटे सोयरी.

या पुस्तकाचे केंद्र मात्र उत्तर अटलांटिकमध्ये आहे. अझोर्स, मदीरा, कॅनरी आणि केप व्हर्द या द्वीपसमूहांना मिळून मॅकरोनेशिया म्हणतात. कॅनरीतले पूर्वेकडचे बेट आफ्रिकेपासून जेमतेम १०० किलोमीटरवर आहे, तर अझोर्स पोर्तुगालपासून सुमारे १,४०० किलोमीटरवर, भर महासागरात. बेटांची वयेही वेगवेगळी: कॅनरीतले फ्युएर्तेव्हेन्तुरा २ कोटी वर्षांहून जुने, एल हिएरो सुमारे ११ लाख वर्षांचे, आणि अझोर्समधले पीको तर काही लाख वर्षांचेच. यांतल्या अनेक बेटांच्या वाऱ्याकडच्या उतारांवर व्यापारी वारे ढग आणून अडवतात आणि त्या ढगपट्ट्यात लॉरेल वृक्षांची सदाहरित जंगले उभी आहेत. तिथे खोड, फांदी, दगड, पाटाची कड, काहीही मोकळे राहत नाही. सगळ्यावर मॉस आणि यकृतका. मदीराचे हे जंगल १९९९ मध्ये आणि ला गोमेरा बेटावरचे गाराहोनाय राष्ट्रीय उद्यान १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाले.

या जंगलांत एक कोडे आहे. कॅनरी बेटांवरच्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे ४० टक्के जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आयोनियम या मांसल पानांच्या एकाच प्रजातीने तिथे तिसांहून अधिक जाती निर्माण केल्या. प्रत्येक दरीत, प्रत्येक कड्यावर वेगळी. त्याच बेटांवर मॉस आणि यकृतकांच्या मिळून सुमारे ५०० जाती आहेत, पण त्यांतल्या मॅकरोनेशियाच्या बाहेर न आढळणाऱ्या १० टक्केही भरत नाहीत. एकाच बेटापुरत्या मर्यादित जाती तर जवळपास नाहीतच. बेट तेच, पाऊस तोच, काळही तेवढाच. फुलझाडे फुटून फुटून वेगळी झाली आणि मॉस मात्र खंडावरच्या आपल्या भाऊबंदांसारखेच राहिले. असे का?

याचे एक जुने उत्तर होते: मॉस ही संथ, बदल न होणारी, पुराणकाळातून तशीच उरलेली वनस्पती आहे. मॅकरोनेशियाचे लॉरेल जंगलही असेच समजले जाई. लक्षावधी वर्षांपूर्वी दक्षिण युरोप उबदार आणि दमट होता तेव्हाची जंगले हिमयुगांच्या थंडीने तिकडे नष्ट झाली आणि बेटांवर शिल्लक राहिली, ही समजूत दीर्घकाळ चालत आली. या समजुतीला मॉसमधून मिळालेला सर्वांत आवडता पुरावा म्हणजे एकायनोडियम. ही कहाणी मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण नुसत्या डोळ्यांवर विसंबून नाते ठरवण्यात काय धोका आहे हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

एकायनोडियमच्या जाती ताठ, काटेरी पानांच्या असतात. त्या दोनच ठिकाणी आढळत: मॅकरोनेशियात, आणि थेट पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्या भागातल्या पॅसिफिक प्रदेशात. मधे काही नाही. युरोपातल्या जुन्या थरांत सापडलेले काही जीवाश्मही याच प्रजातीत मोडतात असे मानले गेले. मग चित्र पूर्णच झाले: एकेकाळी जगभर पसरलेली प्रजाती मधून विरत गेली आणि दोन टोकांना शिल्लक राहिली. पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे उदाहरण. २००८ मध्ये मिखाएल श्टेख, मानुएला सिम-सिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या जातींचे डीएनए ताडून पाहिले आणि ते चित्र फाटले. पॅसिफिककडचे एकायनोडियम नेकेरेसी कुलातल्या थॅम्नोब्रायमच्या गोतात निघाले. मॅकरोनेशियातल्या जाती त्यांच्या जवळपासही नव्हत्या; त्या निराळ्याच घराण्यातल्या होत्या, आणि त्यांतली एक जाती तर युरोपात सर्वत्र दिसणाऱ्या आयसोथेसियम प्रजातीत हलवावी लागली. दोन गोलार्धांत दोन वेगळ्या पूर्वजांच्या वंशजांनी सारखाच ताठ, काटेरी वेष घेतला होता. जगभर पसरून मग विरत गेलेली अशी एक प्रजाती मुळात नव्हतीच.

इथे मला वर्गीकरण करणाऱ्या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांना दोष द्यायचा नाही. मॉसच्या अंगावर दाखवायला फार थोडे असते: पानाची कड, मधली शीर, पेशींचा आकार, संपुटिकेचे दात. एवढ्या तुटपुंज्या खुणांवरून त्यांनी जे उभे केले त्याचा मोठा भाग डीएनएने खरा ठरवला. पण जिथे नाते हजारो किलोमीटर ताणायचे असेल, तिथे सारखेपणा हा साक्षीदार पुरेसा नाही हे एकायनोडियमने शिकवले. २०१५ मध्ये लॉरेल वृक्षांचाही असाच अभ्यास झाला आणि त्यांतल्या बऱ्याच जाती समजले जाई तेवढ्या पुरातन नाहीत, भूवैज्ञानिक दृष्टीने अलीकडेच आपल्या नातलगांपासून वेगळ्या झाल्या आहेत, असे दिसले. जंगलाचे रूप जुने आहे. त्यातले रहिवासी एकेकटे, वेगवेगळ्या वेळी आलेले.

मग मॉसच्या जाती बेटांवर फुटत का नाहीत, या कोड्याचे दुसरे उत्तर अधिक पटण्याजोगे ठरते. नवी जाती घडायला एकांत लागतो. आयोनियमचे बी एकदा दरीत अडकले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते, बाहेरचे रक्त येत नाही, आणि वेगळेपण साचत जाते. मॉसला हा एकांत मिळत नाही. वारा बाहेरचे बीजाणू आणतच राहतो आणि जे थोडे वेगळे होऊ लागले होते ते पुन्हा मूळ प्रवाहात मिसळून जाते.

इथून या विषयातला खरा पालट सुरू होतो. बेटांच्या जीवभूगोलात एक गृहीत खोल रुजलेले होते: खंड देतो, बेट घेते. बेटावर थोडेच येतात, म्हणून तिथली जनुकीय विविधता कमी. आणि बेटावर आलेला जीव तिथेच अडकतो, कारण काळाच्या ओघात तो उडायची, पसरायची ताकद गमावतो. न उडणारे पक्षी आणि जड बियांची झाडे पाहता हे गृहीत स्वाभाविकच होते. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाचे आलेँ व्हांडरपोर्टन, टेनेरीफमधील ला लागुना विद्यापीठाचे हाइरो पातिन्यो आणि हुआना मारीया गोन्सालेस-मान्सेबो यांच्या गटांनी हे गृहीत मॉस आणि यकृतकांवर तपासून पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच मांडलेला आहे: बीजाणूंनी पसरणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत महासागरी बेटे म्हणजे जैवविविधता जिरून जाणारे खड्डे नव्हेत. त्याच वर्षी राड्युला लिंडेनबर्गियाना या यकृतकेचा अभ्यास आला. पश्चिम युरोपातल्या तिच्या वस्त्यांचा माग काढत गेल्यावर तो मॅकरोनेशियापाशी पोहोचला. शेवटच्या हिमयुगात, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, उत्तर युरोप बर्फाखाली होता आणि दक्षिणेकडचा बराच प्रदेश थंड आणि कोरडा. महासागराने वेढलेल्या या बेटांवर मात्र हवा सौम्य राहिली. बर्फ मागे हटल्यावर युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर ज्यांनी पुन्हा वस्ती केली, त्यांच्यात या बेटांवरून निघालेलेही होते.

२०१५ मध्ये पातिन्यो आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न अनेक जाती एकत्र घेऊन विचारला. प्रत्येक जातीसाठी संगणकावर वेगवेगळे इतिहास रचले: एकात खंडावरून बेटावर आगमन, दुसऱ्यात बेटावरून खंडाकडे परतणी. आजच्या डीएनएशी कोणता इतिहास अधिक जुळतो हे पाहिले. परतणीचा इतिहास अपवाद म्हणून नव्हे, खंडावरची विविधता घडवणारी एक मोठी वाट म्हणून समोर आला. मी हा निबंध पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि माझ्या मते या क्षेत्रातला तो सर्वांत मोलाचा आहे. बेटाकडे पाहण्याची नजर त्याने फिरवली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि हेब्रिडीज बेटांवर सोनेरी झुपक्यांनी वाढणारे मायुरियम हॉक्स्टेटेरी हे मॉस अझोर्स, मदीरा आणि कॅनरीतही आढळते. स्कॉटलंडमध्ये ते संपुटिका धरत नाही. जुन्या नकाशांवर ते युरोपच्या टोकाला अडकलेल्या एकाकी जातीसारखे दिसते. आता तोच नकाशा दक्षिणेकडून वर वाचता येतो.

एकटेपणा वाढला की विविधता घटते, हे दुसरे गृहीत. त्यालाही धक्का बसला, आणि तो एका छोट्या समुद्रात. स्वीडिश संशोधक सुंडबर्ग यांनी असा तर्क मांडला होता, की किनाऱ्याजवळच्या बेटावर बहुतेक बीजाणू शेजारच्या दोन-चार वस्त्यांमधून येतात, पण जसजसे दूर जावे तसतसा जवळच्या स्रोतांचा वरचष्मा संपतो आणि वरच्या हवेत मिसळलेले, ठिकठिकाणचे बीजाणू उरतात. संख्या घटते, पण येणाऱ्या दर बीजाणूमागे विविधता वाढते. २०१२ मध्ये स्टॉकहोमजवळच्या द्वीपसमूहात स्फॅग्नमच्या तीन जातींवर ही कल्पना तपासली गेली आणि दोन जातींत तसेच आढळले. तिसरी, स्फॅग्नम पॅलुस्ट्रे, या चित्रात बसली नाही, कारण त्या भागात मुळातच तिच्या वस्त्या तुरळक होत्या.

ही तिसरी जाती हवाई बेटांवर मात्र वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाली. हवाई सर्वांत जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहे. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी जवळपास ९० टक्के दुसरीकडे नाहीत. हवाई बेटावरच्या कोहाला डोंगरात स्फॅग्नम पॅलुस्ट्रे दलदल भरून पसरलेले आहे. एरिक कार्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली सगळी वस्ती एकाच संस्थापक रोपापासून आलेली दिसते आणि ही जाती नर-मादी वेगळ्या असणारी, म्हणून तिथे लैंगिक प्रजनन नाही. संशोधकांच्या अंदाजाने ही वस्ती सुमारे ५०,००० वर्षांची आहे. एक रोप, तेही आपलेच तुकडे पसरवत. अशी वस्ती जनुकीय दृष्ट्या एकसुरी असणार असे कुणीही म्हटले असते. पण तिथे भरपूर विविधता आढळली. इतक्या मोठ्या काळात शरीरपेशींतच छोटे छोटे बदल होत गेले, आणि जिथे फांद्या सतत तुटून नवी रोपे होतात तिथे ते बदल टिकत आणि साचत गेले. एकट्याने आलेल्याचे भवितव्य दरिद्रीच असते, हा नियम निदान इथे लागू पडला नाही. पुढे माणसाच्या हातून हेच मॉस ओआहू बेटावरच्या काआला डोंगरावर गेले, आणि तिथे ते स्थानिक वनस्पतींवर इतके पसरले की आज ते काढून टाकावे लागते. एका बेटावर जे मूळ रहिवासी, ते दुसऱ्या बेटावर आक्रमक.

बीजाणू फक्त वाऱ्यानेच जात नाहीत. २०१४ मध्ये आर्क्टिकमध्ये वीण घालून विषुववृत्तापलीकडे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांत मॉसचे सूक्ष्म तुकडे आणि बीजाणू सापडले. उत्तर आणि दक्षिण ध्रुवीय प्रदेशांतच आढळणाऱ्या आणि मधे कुठेच नसणाऱ्या मॉसचे कोडे उलगडायला त्याने मदत होते. त्याचा विचार एका वेगळ्या प्रकरणात आहे.

वाचकाने एका बाबतीत सावध राहावे असे मला वाटते. या पुस्तकात जिथे जिथे काळाचे आकडे येतात, तिथे ते बहुधा डीएनएमधल्या बदलांच्या वेगावरून काढलेले असतात. तो वेग ठरवायला जीवाश्म लागतात, आणि मॉसचे जीवाश्म फार विरळ आहेत. कधी कधी बेटाच्या वयाचाच आधार घेतला जातो: बेट ११ लाख वर्षांचे, म्हणजे त्यावरची जाती त्याहून जुनी नसणार. पण ती जाती शेजारच्या जुन्या बेटावर आधीच तयार होऊन नंतर इकडे आली असेल तर? किंवा ज्या बेटावर ती घडली ते आता लाटांखाली गेले असेल तर? म्हणून कुणाचे कुणाशी नाते, हे मी ठामपणे सांगितले आहे. ते केव्हाचे, हे सांगताना हात आखडता घेतला आहे. वंशवृक्षाच्या फांद्यांचा क्रम फांद्यांच्या लांबीपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच अनोळखी वाटू नये. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बर्लिनला अडॉल्फ एंग्लर या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. युद्धाने त्यांना तिथेच अडकवले. काही काळ ते स्थानबद्धही होते. १९२० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पतींची प्रसाराची साधने आणि त्यांचे मूळ. झाड कसे प्रवास करते आणि ते आले कुठून, हेच दोन प्रश्न. फरक एवढाच की त्यांच्यासमोर राजस्थान आणि सिंधचे वाळवंट होते आणि हातात डीएनए नव्हता. बियांचे पंख, केस, काटे, फळांची रचना पाहून आणि शेजारच्या प्रदेशांच्या याद्या ताडून त्यांनी उत्तरे शोधली. पुढे पुण्यात १९४६ मध्ये ज्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची स्थापना त्यांनी केली, तिची संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. प्रसाराची साधने आणि मूळ या दोन गोष्टी एकत्र विचारात घ्यायची त्यांची पद्धत मला आदर्श वाटते आणि या पुस्तकाची मांडणी मी तशीच ठेवली आहे: प्रत्येक जातीच्या बाबतीत आधी ती कशी निघते, मग ती कुठून निघाली.

मॅकरोनेशियाकडे मी सर्वाधिक पाने दिली, त्याला अभ्यासाच्या मुबलकतेखेरीज आणखी एक कारण आहे. ही बेटे जर केवळ खंडावरून आलेल्यांचे कोठार असती, तर तिथे काही नष्ट झाले तरी मूळ साठा खंडावर शाबूत राहिला असता. पण अनेक जातींत परिस्थिती उलट असेल, तर बेटावरची वस्ती हाच जुना साठा आहे. २०१६ मध्ये मॅकरोनेशियाच्या प्रदेशनिष्ठ मॉस आणि यकृतकांवर हवामान बदलाचा काय परिणाम होईल याचे अनुमान प्रसिद्ध झाले. त्यातून तिथल्या अनेक जातींसमोरचा धोका पुढे आला. त्या जाती ढगपट्ट्यावर अवलंबून आहेत, आणि ढगपट्टा सरकला तर डोंगराच्या माथ्याच्या वर जायला जागा नाही. मदीराचे जंगल आज सुमारे १५,००० हेक्टर उरले आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात ला गोमेरावर वणवा पेटला आणि गाराहोनाय उद्यानाचा जवळपास पाचवा हिस्सा त्याने होरपळला. लॉरेलच्या बुंध्यातून नवे धुमारे काही महिन्यांत फुटतात. खोडावरचे मॉस आणि यकृतकांचे जुने थर परतायला कित्येक दशके लागतात, आणि ते परततील तेही जवळपास कुठेतरी जुने जंगल शिल्लक असेल तरच.